तंतूवर आधी प्रक्रिया, मग रेझिन: केळी, अंबाडी आणि घायपाताच्या तंतूंची कंपोझिट शीट करण्याची रीत

अर्धापूरकडच्या केळीच्या खोडाचा तंतू, बांधावरची अंबाडी किंवा माळावरचे घायपात घेऊन ते रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होऊन प्लॅस्टिक बनणाऱ्या चिकट द्रवात, बसवून कंपोझिट शीट करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची, बचत गटांची आणि छोट्या कारखानदारांची शीट बहुधा ठरावीक ठिकाणीच फसते. पहिल्या पावसाळ्यात ती फुगते, वाकवून मोडली की अखंड तंतू रेझिनमधून सुटून बाहेर येतात, किंवा तंतूंभोवती पांढुरके धुरकट पट्टे दिसतात. मग दोष रेझिनच्या माथी मारला जातो, अधिक महागडे रेझिन आणले जाते आणि शीट पुन्हा तशीच निघते. वास्तविक बिघाड त्याआधीच झालेला असतो. तंतू कास्टिक सोड्याच्या द्रावणात बुडवला म्हणजे प्रक्रिया झाली असे समजून धुणे आणि वाळवणे ही दोन कामे उरकून टाकली जातात, आणि शीटचे भवितव्य प्रामुख्याने त्या दोन कामांवरच ठरते.

कारण समजून घेतले की क्रम आपोआप लक्षात राहतो. तंतूमधले सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज पाणी ओढून घेतात, तर पॉलिएस्टर किंवा इपॉक्सी रेझिन ओलसर पृष्ठभागाला नीट चिकटत नाही. त्यात तंतूवर मेण, पेक्टिन आणि लिग्निन यांचा लेप असतो. कास्टिक सोडा हा लेप आणि हेमिसेल्युलोजचा बराचसा भाग काढून टाकतो, जाड जुडग्यासारखा तंतू बारीक तंतूंमध्ये सुटतो, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि रेझिनला धरायला जागा मिळते. एवढे साधल्यानंतर तंतूत सोडा, क्षार किंवा पाणी मागे राहिले, तर मिळवलेले सगळे गमावले जाते.

१. तंतू निवडणे आणि स्वच्छ करणे

केळीचा घड उतरवल्यावर खोड जितक्या लवकर यंत्रावर जाईल तितके चांगले. खोड पडून राहिले की सोपटांमधला चीक तपकिरी होतो आणि तो डाग तंतूवर पक्का बसतो. शंभर किलो खोडातून वाळलेला तंतू साधारण एक किलोच्या आसपासच मिळतो, त्यामुळे मिळालेला तंतू वाया घालवणे परवडत नाही. अंबाडी पाण्यात कुजवून सोलतात. ती गरजेपेक्षा जास्त कुजली असेल तर तंतू हाताने ओढताच तुटतो, आणि असा तंतू कोणत्याही प्रक्रियेने सुधारत नाही. घायपाताचा तंतू जाड व ताठ असतो, त्याला विंचरण्याची मेहनत अधिक लागते.

तंतू प्रथम साध्या पाण्यात तासभर भिजवून, चोळून धुवावा, म्हणजे चीक, गर आणि माती निघून जाईल. सावलीत वाळल्यावर तो लोखंडी दात्यांच्या फणीने विंचरावा आणि हातभर लांबीच्या सैल जुड्या कराव्यात. जुडी एकाच टोकाला, प्लॅस्टिकच्या दोरीने, सैल बांधावी. घट्ट बांधलेल्या गाठीखाली द्रावण पोहोचत नाही आणि तिथला तंतू पिवळट, मेणचट राहतो.

*तंतू आधी कापू नये.* एक-दोन सेंटिमीटरचे तुकडे करून बुडवले तर ते द्रावणात एकमेकांत गुंतून गोळे होतात, आणि गोळ्याच्या आतला भाग ना प्रक्रिया होऊन निघतो ना धुऊन. कापणी नेहमी शेवटच्या वाळवणीच्या आधी करावी.

२. द्रावण तयार करणे

येथे लागतो तो कास्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, पापडीच्या किंवा गोळ्यांच्या रूपातला. किराणा दुकानातला धुण्याचा सोडा किंवा खाण्याचा सोडा हे वेगळे पदार्थ आहेत, त्यांचा अल्कपणा कमी आहे आणि पुढे दिलेली वेळ व प्रमाणे त्यांना लागू पडत नाहीत. कास्टिक हवेतले बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, म्हणून उघड्या पिशवीत महिनाभर पडून ओले झालेले कास्टिक वजनाला पूर्ण भरले तरी कामाला अपुरे पडते. डबा हवाबंद ठेवावा.

प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे. एक किलो तंतूला २० लिटर द्रावण आणि द्रावणाची तीव्रता ५ टक्के, म्हणजे दर लिटरला ५० ग्रॅम कास्टिक. या हिशेबाने तंतूचे वजन आणि कास्टिकचे वजन नेहमी सारखेच येते. १५० ग्रॅम तंतूसाठी ३ लिटर द्रावण आणि १५० ग्रॅम कास्टिक घ्यावे.

सावधान. पाणी आधी, कास्टिक नंतर, तेही थोडे थोडे आणि ढवळत. कास्टिकवर पाणी ओतले तर द्रावण उकळून अंगावर उडते. भांडे जाड प्लॅस्टिकचे किंवा स्टेनलेस स्टीलचे असावे. ॲल्युमिनियमचे पातेले कधीही वापरू नये, कारण कास्टिक ते खाते आणि हायड्रोजन हा पेट घेणारा वायू बाहेर पडतो. डोळ्यांवर बंद चष्मा, हातात कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि पायात बंद बूट हवेत. डोळ्यात थेंब गेला तर वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटे डोळा धुवावा आणि तसेच दवाखान्यात जावे. धुण्याआधी कोणताही घरगुती उपाय करू नये.

द्रावण तयार होताना तापते. ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत तंतू त्यात टाकू नये.

३. बुडवणे आणि वेळ

जुड्या द्रावणात पूर्ण बुडाल्या पाहिजेत. वर तरंगत असतील तर प्लॅस्टिकची जाळी ठेवून वर प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी भरून वजन द्यावे, आणि दर अर्ध्या तासाने काठीने वरखाली करावे. २५ ते ३० अंश सेल्सिअसला केळीच्या तंतूसाठी २ तास हा चांगला आरंभ आहे. अंबाडी व घायपातासाठी ३ ते ४ तास धरावेत. मराठवाड्यात मे महिन्यात टाकीतले पाणीच ३५ अंशांच्या पुढे असते. अशा पाण्यात क्रिया भराभर होते, म्हणून वेळ कमी ठेवावा किंवा काम पहाटे करावे.

जास्त वेळ ठेवला किंवा तीव्रता वाढवली म्हणजे परिणाम जास्त चांगला, हा समज पक्का रुजलेला आहे आणि तो चुकीचा आहे. लेप निघून गेल्यावर कास्टिक खुद्द सेल्युलोजवर चालून जाते. तंतू दिसायला पांढरा, मऊ आणि सुबक दिसतो, पण त्याची ताकद गेलेली असते.

तपासणी. नव्या मालासाठी आधी तीन लहान जुड्या करून १, २ आणि ४ तास ठेवाव्यात, धुऊन वाळवाव्यात आणि प्रत्येक जुडीतून काही तंतू दोन बोटांत धरून ओढून पाहावेत. ज्या वेळेला तंतू मोकळे सुटले आहेत पण तुटायला अजूनही जोर लागतो, ती त्या मालाची वेळ. प्रक्रियेत तंतूचे वजन कमी होते, आणि ही घट १० ते २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणून लागणाऱ्या तंतूपेक्षा सुरुवातीला जास्त घ्यावे आणि आधीचे व नंतरचे वजन वहीत नोंदवावे.

४. धुणे

या टप्प्यावर सर्वाधिक घाई होते, म्हणून येथे सविस्तर लिहितो. तंतू पोकळ नळ्यांच्या जुडग्यासारखा असतो आणि सोडा त्या पोकळ्यांत बसतो. बादलीतले पाणी तीनदा बदलले, पाण्यात पीएच कागद (आम्ल-अल्कपणा दाखवणारा) बुडवला, तो ७ म्हणजे उदासीन दाखवतो म्हणून धुणे थांबवले, ही नित्याची चूक आहे. पीएच बादलीतल्या पाण्याचा तपासायचा नसतो. जुडी अर्धा तास स्वच्छ पाण्यात ठेवून, बाहेर काढून, हाताने पिळून निघालेल्या थेंबांचा तपासायचा असतो. बादलीत ७ असताना पिळलेल्या थेंबांत अंक ९ किंवा १० निघणे अजिबात दुर्मीळ नाही.

क्रम असा ठेवावा. प्रथम वाहत्या पाण्याखाली, बोटांना निसरडेपणा लागेनासा होईपर्यंत धुवावे. मग १ टक्का ॲसिटिक ॲसिडच्या पाण्यात १० ते १५ मिनिटे ठेवावे. साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ४ ते ५ टक्के ॲसिटिक ॲसिड असते, तेव्हा एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाणी घेतले तरी काम भागते. त्यानंतर पुन्हा दोनदा, दर वेळी अर्धा तास भिजवून, स्वच्छ पाण्यात धुवावे. ॲसिडनंतरचे हे धुणे टाळू नये, कारण ॲसिड आणि सोडा मिळून झालेला क्षार तंतूत राहिला तर तोही हवेतले पाणी ओढतो. फरशी धुण्याचे तीव्र ॲसिड येथे चालत नाही, ते सेल्युलोजची साखळी तोडते.

आता मराठवाड्याची खास अडचण. आपल्याकडचे बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. कास्टिकने भरलेला तंतू थेट जड पाण्यात गेला की पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम अविद्राव्य होऊन तंतूवरच पांढऱ्या भुकटीच्या रूपात बसतात. तंतू वाळल्यावर तो हाताला खरखरीत लागतो, झटकला की बारीक पांढरी धूळ उडते, आणि पाहणाऱ्याला वाटते की प्रक्रिया छान झाली. ती भुकटी रेझिन आणि तंतू यांच्या मध्ये बसून बंध तोडते. शक्य असेल तर सगळे धुणे मऊ पाण्यात करावे. ते जमत नसेल तर पहिले वाहत्या पाण्याखालचे धुणे बोअरच्या पाण्यात, ॲसिडचे पाणी आणि त्यानंतरचे दोन्ही धुणे गाळून साठवलेल्या पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यात करावे. ॲसिडचा टप्पा बसलेली भुकटीही विरघळवतो, हा त्याचा दुसरा उपयोग.

तपासणी. पिळलेल्या पाण्याचा पीएच ६.५ ते ७.५ यांमध्ये आला तरच पुढे जावे. पॉलिएस्टर रेझिन वापरणाऱ्यांनी यात कसलीही सूट घेऊ नये, कारण उरलेला अल्क रेझिनमधले एस्टर बंध हळूहळू तोडतो.

वापरलेले द्रावण. ते गाळून, कास्टिकची थोडी भर घालून आणखी एखाद्या वेळा वापरता येते. काळपट दाट झाले की टाकून देण्यापूर्वी ॲसिटिक ॲसिडने पीएच ६.५ ते ८.५ मध्ये आणावा. त्यानंतरही ते शेतात, विहिरीजवळ किंवा ओढ्यात सोडू नये. उदासीन केले तरी सोडियम त्यात राहतोच, आणि काळ्या चिकण जमिनीत सोडियम साचला की जमीन चिबड होऊन तिची निचऱ्याची शक्ती जाते. थोडे असेल तर सिमेंटच्या उथळ हौदात सुकवून उरलेला क्षार गोळा करावा. केळीच्या शेतातल्या कचऱ्यातून टिकाऊ वस्तू करायची आणि त्याच शेताची माती बिघडवायची, असे होता कामा नये.

५. वाळवणे

धुतलेला तंतू आधी सावलीत, पातळ सुती कापड झाकून, एक-दोन दिवस वाळवावा. एप्रिल-मेच्या वाऱ्याबरोबर येणारी काळी धूळ उघड्या तंतूवर बसते आणि ती झटकून पूर्ण जात नाही. कडक उन्हात दिवसभर ठेवल्यास तंतू पिवळा पडतो, त्यामुळे ऊन टाळलेलेच बरे. वाळलेला तंतू आता हव्या त्या लांबीला कापावा. यादृच्छिक पसरायच्या शीटसाठी २ ते ३ सेंटिमीटर लांबी सोयीची पडते.

मात्र सावलीत वाळलेला तंतू हाताला कोरडा लागला तरी कोरडा नसतो. हवेच्या दमटपणानुसार त्यात वजनाच्या ८ ते १२ टक्के पाणी असते. हे पाणी ओव्हनमध्येच जाते. ८० अंशांवर ६ ते ८ तास ठेवावे, आणि रेझिन लावण्याच्या दिवशी १०० ते १०५ अंशांवर आणखी एक-दोन तास. थर पातळ पसरावा, ट्रेमध्ये दाबून भरलेला तंतू मधोमध ओलाच राहतो.

तपासणी. ओव्हनमधून काढून वजन करावे, तासभर पुन्हा ठेवून परत वजन करावे. दोन वजनांतला फरक अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी असेल तरच तंतू कोरडा समजावा. घड्याळावर नव्हे, वजनकाट्यावर विश्वास ठेवावा.

वाळलेला तंतू हवेतले पाणी लगेच परत घेऊ लागतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तासाभरात त्यातला बराचसा कोरडेपणा निघून जातो. म्हणून साचा, रेझिन, रोलर सगळे आधी मांडून ठेवावे आणि तंतू शेवटी ओव्हनमधून काढावा. थांबावेच लागले तर गरम तंतू सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद पिशवीत ठेवावा.

ज्यांना ओल्या जागेतही टिकणारी शीट हवी आहे त्यांनी या टप्प्यानंतर सायलेनची (तंतू आणि रेझिन यांना जोडणाऱ्या रसायनाची) प्रक्रिया करावी. पॉलिएस्टरसाठी व्हिनिल किंवा मेथॅक्रिल गटाचे आणि इपॉक्सीसाठी अमिनो गटाचे सायलेन घ्यावे. अल्कोहोल व पाणी यांच्या मिश्रणात ते १ टक्का घालावे. व्हिनिल वा मेथॅक्रिल सायलेनसाठी ॲसिटिक ॲसिडने पीएच ४ ते ५ करून तासभर ढवळावे, त्यात तंतू तासभर भिजवावा, हवेत सुकवावा आणि १०५ ते ११० अंशांवर पक्का करावा. मात्र धुणे-वाळवणे हातात बसलेले नसताना सायलेनवर पैसे खर्च करणे व्यर्थ आहे.

६. वजनाचा हिशेब

अंदाजाने तंतू भरणे हे रेझिन कमी पडण्याचे मूळ आहे. एक उदाहरण घेऊ. ३० बाय ३० सेंटिमीटर आणि ४ मिलिमीटर जाडीची शीट, म्हणजे ३६० घन सेंटिमीटर. वजनाने २५ टक्के तंतू ठरवला आणि केळीच्या तंतूची घनता सुमारे १.३५, घट्ट झालेल्या पॉलिएस्टरची सुमारे १.२ धरली, तर मिश्रणाची घनता साधारण १.२३ येते. शीटचे वजन ४४४ ग्रॅमच्या आसपास होईल, त्यात तंतू १११ ग्रॅम आणि रेझिन ३३३ ग्रॅम. भांड्याला व रोलरला चिकटणारे धरून रेझिन ३६५ ग्रॅम घ्यावे. वर सांगितलेले १५० ग्रॅम तंतू याच शीटला पुरतात. हाताने थर लावताना ३० टक्क्यांच्या वर तंतू घालण्याचा आग्रह धरू नये, कारण तेवढा तंतू रेझिन नीट भिजवू शकत नाही.

७. रेझिन आणि थर

काचेवर किंवा गुळगुळीत लोखंडी पत्र्यावर मेणाचे पॉलिश तीन हात लावावे, प्रत्येक हात सुकल्यावर पुसून चकचकीत करावा. पॉलिएस्टर रेझिनमध्ये कोबाल्ट ॲक्सिलरेटर (घट्ट होण्याचा वेग वाढवणारे रसायन) आधीच घातलेला आहे का, हे डब्यावर वाचून घ्यावे. नसेल तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावा आणि त्यानंतरच १ ते १.५ टक्का एमईकेपी (मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड, रेझिन घट्ट करणारे रसायन) घालावे.

सावधान. कोबाल्ट आणि एमईकेपी एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होऊ शकतो. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या कपाटांत ठेवाव्यात आणि दोन्हींचे माप वेगवेगळे असावे. एमईकेपी डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते, म्हणून बंद चष्म्याशिवाय बाटली उघडू नये. खोली हवेशीर हवी.

तापमानाकडे लक्ष द्यावे. परभणीच्या डिसेंबरमधल्या सकाळी जे मिश्रण तासभर पातळ राहते, तेच मेच्या दुपारी काही मिनिटांत घट्ट होऊन भांड्यात तापते. उन्हाळ्यात एमईकेपी कमीत कमी प्रमाणात ठेवावे, सकाळी लवकर काम करावे आणि एका वेळी दोनशे ग्रॅमपेक्षा जास्त मिश्रण करू नये.

साच्यावर आधी रेझिनचा पातळ थर, त्यावर तंतूचा पातळ थर, पुन्हा रेझिन, असा क्रम ठेवावा. कोरड्या तंतूवर वरून रेझिन ओतले तर हवा खाली अडकते. खालून वर येणारे रेझिन हवेला बाहेर ढकलते. प्रत्येक थरावर रोलर मध्यापासून कडेकडे फिरवावा आणि पांढरा दिसणारा प्रत्येक ठिपका दाबून पारदर्शक होईपर्यंत पुढचा थर टाकू नये. शेवटी पॉलिएस्टर फिल्म, वर दुसरी काच किंवा पत्रा आणि सारखे वजन. २४ तासांनी शीट काढून ६० ते ८० अंशांवर ३ तास ठेवावी.

रेझिनऐवजी पॉलिप्रोपिलिन वापरणाऱ्यांसाठी वाळवण्यापर्यंतची सारी रीत तीच आहे. फक्त मिश्रणाचे तापमान १९० अंशांच्या आसपासच ठेवावे, कारण २०० अंशांच्या पुढे तंतू जळून काळपट होऊ लागतो, आणि ३ ते ५ टक्के मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रोपिलिन मिसळावे.

८. कडा आणि शेवटची पारख

शीट कापल्यावर कडेला तंतूंची उघडी टोके दिसतात आणि पाणी शिरते ते येथूनच. प्रत्येक कापलेली कड आणि प्रत्येक छिद्र रेझिनच्या हाताने बंद करावे. हे न केलेली उत्तम शीटही पावसाळ्यात कडेपासून फुगते.

प्रत्येक खेपेतून तीन पट्ट्या काढाव्यात: एक प्रक्रिया केलेल्या तंतूची, एक प्रक्रिया न केलेल्या तंतूची, एक नुसत्या रेझिनची. कडा बंद करून, वजन करून, २४ तास पाण्यात बुडवाव्यात, पुसून पुन्हा वजन करावे आणि वाढलेले वजन मूळ वजनाच्या टक्केवारीत मांडावे. प्रक्रिया केलेली पट्टी प्रक्रिया न केलेल्या पट्टीच्या बरोबरीने पाणी पीत असेल तर धुण्या-वाळवण्यात खोट आहे.

मग पट्टी वाकवून मोडावी आणि मोडलेली बाजू भिंगाखाली पाहावी. लांब, गुळगुळीत, स्वच्छ तंतू बाहेर आलेले असतील आणि समोरच्या बाजूला त्यांची रिकामी छिद्रे दिसत असतील, तर रेझिन तंतूला चिकटलेलेच नाही. तंतू आखूड तुटलेले, अंगावर रेझिनचे कण घेऊन आलेले असतील, तर बंध चांगला आहे. सगळे तंतू रेझिनबरोबर एका रेषेत कापल्यासारखे तुटले आणि पट्टीही हलक्या जोराने मोडली, तर कास्टिकमध्ये तंतू जास्त वेळ राहिला, पुढच्या खेपेला वेळ कमी करावा.

विक्रीला नेताना अशा शीटला मातीत कुजणारी म्हणू नये. पॉलिएस्टर आणि इपॉक्सी मातीत कुजत नाहीत. काचतंतूऐवजी शेतातला तंतू वापरला आणि वजन कमी झाले, एवढेच खरे आहे आणि तेवढेच सांगावे. घरातली पॅनेल, ट्रे, कपाटाची दारे, यंत्रांची झाकणे यांसाठी ही शीट योग्य आहे. पाण्याची टाकी, उघड्यावरचे छप्पर किंवा भार पेलणारा भाग यांसाठी ती वापरू नये.